वेग सारखा, फेरी वेगळी

दुपारी भूममध्ये वीज गेली तेव्हा मी लॅपटॉप घेऊन शेजारच्या रेवणसिद्धकाकांकडे गेले. त्यांच्याकडे इन्व्हर्टर आहे. चार वाजता एका छोट्या कंपनीच्या शुभांगी मॅडम ऑनलाइन येणार होत्या. दोन लहान उपग्रह दहा दिवस एकमेकांपासून किलोमीटरच्या आत राहतात, एवढं कॉम्प्युटरवर दाखवायचं होतं. दाखवलं तर नोकरी.

माझे उपग्रह काही जवळ राहत नव्हते. दुसरा पहिल्यापेक्षा दोनशे मीटर वर सोडला होता, आणि प्रत्येक फेरीत तो पावणेचार किलोमीटर मागे पडत होता. दिवसाला पंधरा फेऱ्या. तीन वाजून गेले होते.

"भांडलेत का गं हे दोन ठिपके?" काकांनी स्क्रीनकडे बघत विचारलं.

"दोघांना वेग अगदी सारखा दिलाय काका. तरी हा वरचा मागं पडतोय."

"पडणारच की. माझे पाण्याचे दोन टँकर होते तवा माझ्या ड्रायव्हरांचं, विरेश अन् नंदीशचं, हेच झालं."

"ते कसं?"

"दोघं एकाच विहिरीवर टँकर भरायचे, गावागावांत पाणी टाकून यायचे अन् परत विहिरीवर संगं जेवायचे. भाकरी विरेशच्या गाडीत, कालवण नंदीशच्या. म्या लई शहाणा! म्हणलं, दोघं एकाच वेगानं चालवा. पण नंदीशची वाट लांब. पहिल्या फेरीला धा मिनिटं उशीर, दुसरीला वीस. शेवटी विरेशनं कोरडी भाकर खाल्ली अन् नंदीश नुसतं कालवण पीत बसला."

"अन् शिव्या कुणी खाल्ल्या ते सांगा," आतून जगदेवीकाकू म्हणाल्या.

"म्याच की!"

"मग काय केलंत?"

"वेगाचा नाद सोडला. नंदीशचं एक गाव विरेशला दिलं. फेरीला लागणारा वेळ एक केला. वाटेत कुणी पुढं, कुणी मागं. विहिरीवर संगं."

माझा हात कीबोर्डवरच थांबला. फेरीचा काळ सारखा हवा, हे सूत्र मी परीक्षेत लिहून आले होते. मार्कही मिळाले होते. मी वरच्या उपग्रहाचा वेग सेकंदाला फक्त बावीस सेंटीमीटरनं कमी केला. वेग कमी केला की कक्षा आखूड होते, म्हणजे त्याचीही वाट कमी झाली आणि फेरीचा वेळ पहिल्याइतकाच झाला. आता तो पहिल्याभोवती लांबट घेर धरून फिरू लागला. अंतर दोनशे मीटर, मग चारशे, परत दोनशे. दहा दिवस तसंच.

चार वाजता शुभांगी मॅडमनी आलेख नीट बघितला. "चूक कशी सापडली?"

समीकरणं पुन्हा तपासली, असं म्हणता आलं असतं. मी टँकरची गोष्ट सांगितली. त्या आधी हसल्या, मग एकदम गंभीर झाल्या.

"सोमवारपासून कामाला या. आणि आमच्या नव्या लोकांना हे असंच समजावून सांगा."

मी उठून काकांच्या पाया पडले. "तुमच्यामुळं झालं काका."

काका अवघडले. "अगं, म्या तर माझी फजिती सांगत होतो."

"व्हय. पण सांगितलीत."