कडक स्प्रिंगा

माझा हात आधी उठतो आणि अक्कल मागून येते, हे अनसिंगमध्ये कुणालाही विचारा. गॅरेज टाकून बावीस वर्षं झाली. त्यात तीन वेळा मी गिऱ्हाइकाच्या अंगावर पाना फेकला आणि तिन्ही वेळा नेम चुकला, म्हणून धंदा टिकला. रविकांतच्या वेळी मात्र नेम चुकला नाही.

रविकांत म्हणजे आमच्या जवळच्या तांड्यावरच्या दौलतसिंगचा मुलगा. वय चोवीस, लग्नाला दोन वर्षं झालेली. तीन हंगाम ऊसतोडीला जाऊन त्यानं एक जुनी डर्ट बाईक आणली आणि तिच्यावर जीव टाकला. दौलतसिंग आणि मी लहानपणापासूनचे दोस्त, त्यामुळे ती गाडी माझ्याच गॅरेजात असायची.

सोयाबीन निघालं की आमच्याकडे बैलांच्या शर्यतीचा पट भरतो. बैलजोड्या पळून झाल्या की त्याच मोकळ्या वावरात दोन-दोन गाड्या सोडतात. टोकाच्या बाभळीला वळसा घालून परत यायचं, एवढीच शर्यत. पण कायदे सगळे बैलांचे. बैलांच्या पुढं जसा एक माणूस कासरा धरून उभा असतो आणि झेंडा पडला की बाजूला उडी मारतो, तसाच गाडीपुढंही एक माणूस हँडल धरून उभा राहतो. गाडीवर बसलेला डाव्या हातानं क्लचचा लिव्हर दाबून, पहिला गिअर टाकून, रेस देत झेंड्याची वाट बघतो. आणि पुढं कोणी उभं राहायचं, तर ज्यानं गाडी बांधली त्यानंच. जो बैलाला चारतो तोच बैल धरतो, तसं. मग कामात कुणी खोट ठेवत नाही.

मागच्या वर्षी याच पटात शिरपूरकडच्या आदर्शनं बाभळीपाशी रविकांतला लाथ घातली. गाडी डाव्या अंगावर पडली आणि रविकांतचा डावा हात चेनमध्ये गेला. अंगठ्याजवळची दोन बोटं जागच्या जागी तुटली. मग काय, काठ्याच चालल्या. माझ्या डोक्याला पाच टाके पडले आणि आदर्शच्या भावाचे दोन दात मी पाडले, खोटं कशाला बोलू? मजाही आली. रविकांत तेवढा बाजूला बसून मुठीत माती दाबून रक्त थांबवत होता.

यंदा त्याची जोड पुन्हा आदर्शशीच लागली. पटाला आठ दिवस असताना तो गाडी घेऊन आला. मातीत रेस दिली की क्लच घसरायचा, इंजिन बोंबलायचं आणि चाक जागेवरच. मी त्याला समोर बसवून सांगितलं की यावर दोन इलाज आहेत. एक, कडक स्प्रिंगा. त्या प्लेटांना करकचून आवळतात, पण लिव्हरही तितकाच कडक होतो, तो दाबून धरायला पंजात ताकद लागते. दुसरा, जास्त प्लेटांचा सेट. पातळ प्लेटा, पण आधीपेक्षा एक जास्त. पकड वाढते आणि स्प्रिंगा जुन्याच राहतात, म्हणून लिव्हर हलका.

"तुला दुसराच," मी म्हणालो.

"आदर्शनं कडक बसवली," रविकांत म्हणाला. "मले त्याच्याहून कडक पाह्यजे."

"अबे, त्याले पाच बोटं हायत. तुह्या हातात उरली कोनती? करंगळी आन् तिची बहीन."

"दम हाय माह्या हातात."

हे आमच्या भागातलं जुनंच खूळ. बैल बघायला आले की लोक आधी कासरा ओढून बघतात, आणि बैलानं माणसाला फरफटवलं की म्हणतात, दम आहे. गाडीचंही तसंच. बंद गाडीचा लिव्हर दाबायचा आणि तो जितका कडक तितकी गाडी दमदार. मी बावीस वर्षं हे समजावतोय. पालथ्या घड्यावर पाणी.

दुसऱ्या दिवशी त्याची बायको निता आली. बाजारात वांगी विकून रिकामी टोपली घेऊन आली होती. ती बसली नाही.

"काका, त्याचा हात भाकर मोडतानाई थरथरते," ती म्हणाली. "मले दिसू नये म्हून पाठ करून जेवते. पटात लिव्हर हातातून सुटला तं?"

सुटला तर काय, हे तिलाही ठाऊक होतं आणि मलाही. रेस दिलेली गाडी पुढच्या माणसावर जाणार. पुढं मी असणार, पण तिला काळजी नवऱ्याची होती आणि ती बरोबरच होती.

"जास्त प्लेटांचीच बसवा. तो काईही म्हनू द्या. मले शब्द द्या."

मी शब्द दिला. दिवसभर प्लेटा तेलात भिजवल्या, सेट बसवला, वावरात नेऊन गाडी पळवली. क्लच असा धरत होता की मन खूश झालं. बावीस वर्षांत इतकं चोख काम मी केलं नव्हतं.

पटाच्या आदल्या दिवशी रविकांत आला, चार दोस्त घेऊन. त्यानं गाडी सुरूही केली नाही. लिव्हर दाबला. तो दोन बोटांनी अलगद आत गेला. दोस्त हसले. एक म्हणाला, लुना झाली लुना.

रविकांतचा चेहरा लाल झाला. तो माझ्याकडं वळला.

"समजलं मले. पुढं तुमाले उभं राह्यचं हाय म्हून नरम बसवली. फाटून राह्यली तुमची."

मी त्याच्या कानाखाली वाजवली. तो शोकेसवर आदळला, काच फुटली. तो उठला आणि डोकं खाली घालून माझ्या छातीत घुसला. माझा ओठ फाटला. मी हातात आलं ते घेतलं. तो पाना होता. त्याच्या वरच्या ओठावर बसला आणि रक्त त्याच्या शर्टावर उतरलं. दोस्तांनी आम्हाला ओढून वेगळं केलं. बापाच्या दोस्तावर हात टाकला म्हणून ते त्याला शिव्या देत होते, मला कुणी काही म्हणालं नाही.

मी तोंडातलं रक्त थुंकलो. सगळ्यांसमोर क्लचचं कव्हर उघडलं. नव्या प्लेटा काढून नालीत फेकल्या. जुन्या घातल्या आणि गॅरेजात होत्या नव्हत्या त्यातल्या सगळ्यात कडक सहा स्प्रिंगा बसवल्या. चौथी आवळताना निताचं तोंड डोळ्यांपुढं आलं. मी पाचवी आवळली. मग सहावी.

"घे," मी म्हणालो. "आता मर."

त्यानं लिव्हर दाबला. दोन बोटांनी होईना, तळहाताची कड लावून दाबला. कपाळावर शीर उभी राहिली. दोस्त म्हणाले, आता आहे दम.

दुसऱ्या दिवशी दुपारी दोनला आमची जोड लागली. वावरात पाऊल ठेवायला जागा नव्हती. मी गाडीपुढं जाऊन चाकाला गुडघा लावला आणि हँडल धरलं. आमचे फुटके ओठ समोरासमोर. त्यानं गिअर टाकला आणि रेस दिली.

झेंडा पडेना. माईकवाल्याला नेमका तेव्हाच कुणाचा तरी सत्कार आठवला. नारळ, टोपी, फोटो. शेजारी आदर्श आरामात बसला होता. माझी नजर रविकांतच्या डाव्या हातावर होती. दोन बोटं पांढरी पडली. मग थरथरायला लागली. मग मनगट थरथरायला लागलं, आणि ती थरथर हँडलमधून माझ्या हातात आली.

मी एवढंच म्हणायला हवं होतं, न्यूट्रल कर रे बाबा. चार शब्दांचं काम. पण मी सकाळपासून ठरवून आलो होतो की आधी त्यानं बोलायचं. हलकटपणा होता तो माझा, दुसरं नाव नाही त्याला.

"काका," रविकांत म्हणाला. "सरका."

मला वाटलं, पुन्हा भित्रा म्हणतोय. "झेंडा पडल्याबिगर मी सरकत नसतो," मी म्हणालो.

"काका, सरका ना!"

आणि बोटं सुटली. गाडीनं उसळी मारली, हँडल माझ्या बरगड्यांत घुसलं. ती माझ्यावरून जायची, पण गेली नाही. रविकांतनं सगळं अंग डावीकडं टाकून ती स्वतःवर पाडली. मी पाठीवर पडून बघत होतो. रेस तशीच अडकलेली, गिअर तसाच, आणि मागचं दातेरी चाक त्याच्या डाव्या हातावर फिरत होतं. माती उडत होती, ती लाल होती. मी सरपटत जाऊन स्विच बंद केला तेव्हा त्या हाताला हात म्हणावं असं थोडंच उरलं होतं.

जीपमध्ये त्याला आडवं टाकलं. दौलतसिंग पुढं बसला आणि ड्रायव्हरला शिव्या देत राहिला. मागं मी आणि निता. तिनं लुगड्याचा पदर फाडून दिला, तो मी त्याच्या मनगटावर दोन्ही हातांनी दाबून धरला.

"भाऊ," रविकांत बापाला म्हणाला. "माह्याच हातानं सुटली. काकायची चूक नाई."

निता माझ्याकडं बघत होती. "कोनती बसवली होती?" तिनं विचारलं.

मला खोटं बोलता आलं असतं. रविकांतनं वाट करून दिली होती.

"कडक," मी म्हणालो.

तिनं पायातली चप्पल काढली आणि मारायला सुरुवात केली. तोंडावर, डोक्यावर, फुटक्या ओठावर. मी हात वर केला नाही, करता येतच नव्हता, सोडला असता तर रक्त उसळलं असतं. दौलतसिंगनं मागं वळून बघितलं आणि पुन्हा पुढं बघितलं. बरगड्या मोडल्या होत्या, श्वास घेतला की कळ यायची. वाशीम अजून लांब होतं. माझी बोटं आखडली आणि थरथरायला लागली. पदराखालून रक्ताची धार सुटली.

निताला ते दिसलं. तिनं चप्पल टाकली आणि माझ्या हातांवर स्वतःचे दोन्ही हात ठेवून सगळं वजन टाकलं.

"दाबा," ती म्हणाली. "आता सोडसान तं जीव घेईन तुमचा."

आम्ही दोघांनी मिळून दवाखान्यापर्यंत दाबून धरलं. रविकांत वाचला. हात मनगटापासून काढावा लागला.