बिनशेपटीचा नर

"थोडं डावीकडे घ्या. अहो, तुमची डावी नव्हे, पक्ष्याची डावी," शिडी धरून उभी असलेली एर्मिदा खालून म्हणाली.

"आत पक्षीच नाही, तर त्याची डावी कुठली?" तिचा नवरा रुपेर्तो वरून म्हणाला, आणि हातभर लांबीची दोन हिरवी पिसं त्याने वाळक्या खोडाच्या ढोलीत खोचली. टोकं बाहेर लोंबत ठेवली. वाऱ्यावर ती अशी काही हलली, की त्यालाच वाटलं आत कुणीतरी बसलंय.

केत्साल पक्ष्याचा नर अंडी उबवायला बसला की शेपटी ढोलीत मावत नाही, बाहेर लोंबते. पण हा प्रकार फक्त मार्च-एप्रिलमधला. पिल्लं उडून गेली की नराची लांब पिसं गळतात आणि नवी यायला महिनेच्या महिने जातात. आता ऑगस्ट चालू होता. रुपेर्तोचा नर रानआवोकाडोच्या झाडावर फिरत होता तो मागून कात्री मारल्यासारखा. ही दोन पिसं ब्लॅकबेरीच्या झुडपात सापडली होती.

आणि पर्यटन समितीची बाई आजच येणार होती. 'इथे केत्साल दिसतो' अशी पाटी कुणाच्या दारात लावायची, ते ती ठरवणार. पाटी लागली तर पर्यटक वळतील. नाही लागली, तर पहिल्या तारखेपासून रुपेर्तोने डोंगर सोडून राजधानीत, सान होसेला, पोराच्या इमारतीत वॉचमन व्हायचं, असं ठरलं होतं. साठाव्या वर्षी. पोराने फोनवर पँटचं मापही घेतलं होतं.

नऊला समितीची यादिरा आली. पंचविशीची, बुटांना चिखल, गळ्यात दुर्बीण.

"काय काका, कुठाय तुमचा नर?"

"उबवतोय," रुपेर्तो म्हणाला.

तिने दुर्बीण लावून बराच वेळ बघितलं. "छान. बाहेर कधी येतो?"

"लाजाळू आहे जरा."

"मग थांबू की. मला काही घाई नाही."

एर्मिदाने कॉफी आणली. मग चीज घालून मक्याच्या तोर्तिया आणल्या. मग परत कॉफी. अकरा वाजले. पिसं आपली हलतायत.

"मादी येत नाही का बदलीला?" यादिराने विचारलं.

"माहेरी गेलीय," एर्मिदा बोलून गेली.

रुपेर्तोने कपाळावर हात मारला. तेवढ्यात खरा नर आला आणि थेट त्या खोडावरच बसला. लालभडक पोट, मागे काही नाही. त्याने मान वाकडी करून खालच्या पिसांकडे बघितलं, घशातून आवोकाडोची बी ओकली आणि बसून राहिला.

"हा कोण?" यादिरा म्हणाली.

"हा... चुलतभाऊ त्याचा."

"काका, ऑगस्टात कसली अंडी?"

रुपेर्तो चिखलाकडे बघत म्हणाला, "आता काय सांगू बाई. शेपटीशिवाय कोण बघायला येतं त्याला?"

"मी आले होते ना," यादिरा म्हणाली. "हाच दाखवला असता तर पाटी इथेच लागली असती. पक्षी दिसला पाहिजे, एवढाच नियम आहे. शेपटीचं कुठे लिहिलंय?"

"मग द्या की. दिसला ना आता."

"खोटं दाखवलंत. ते लिहावं लागेल मला." तिने वही मिटली. मग जाता जाता वळून म्हणाली, "मार्चमध्ये परत येईन. उबवायला बसला की बोलवा. खराखुरा बसला की."

पहिल्या तारखेला रुपेर्तो सान होसेला गेला. पँट दोन इंच आखूड निघाली. इमारतीतली माणसं चांगली होती, पण बिगरशेपटीचीच सगळी, असं तो फोनवर म्हणाला, आणि एर्मिदा म्हणाली, "काहीतरीच तुमचं."

रोज दुपारी तो तिला फोन करायचा.

"शेपटी आली का?"

"तीन बोटं."

"काल पण तीनच म्हणालीस."

"मग मी काय ओढू का तिला?"

एकदा ती म्हणाली, "आज चार." रुपेर्तोने फोन ठेवला, येणाऱ्या-जाणाऱ्यांची वही उघडली, आणि त्या दिवसाच्या शेवटच्या गाडीच्या नोंदीखाली, कुणाला विचारायचं कारण पडू नये इतक्या बारीक अक्षरात लिहिलं: चार बोटं.