चौदा गाड्यांचे ब्रेक

उज्वला हदगावजवळच्या एका उपकेंद्रात आरोग्यसेविका होती. तिच्याकडे पाच गावं होती. लसींचा डबा मागच्या सीटवर ठेवून ती स्वतः गाडी चालवत जायची, त्यामुळे त्या भागात तिची पांढरी गाडी सगळ्यांच्या ओळखीची झाली होती. त्या गाडीला आता पंधरा वर्षं पूर्ण होत होती. पंधरा वर्षांनी गाडी पुन्हा तपासून घ्यावी लागते, धड निघाली तरच कागद पुढे चालू राहतात. तिचा नवरा दयानंद लातूरकडे मुरुडला शिक्षक होता, शनिवारी घरी यायचा. पासिंगच्या भानगडीत पडण्यापेक्षा गाडी विकून टाकू, असं तो दोन-तीनदा म्हणाला होता. उज्वलाने ऐकलं नाही. गाडीची तिला सवय होती आणि गाडीची काळजी घ्यायला चांदपाशाचाचा होते.

चांदपाशांचं गॅरेज हदगावच्या बस स्टँडच्या मागे होतं. वय एकसष्ट, त्यातली चाळीस वर्षं गाड्यांखाली गेलेली. त्यांचा कान फार तिखट. गाडी फाटकातून आत येईपर्यंत कोणतं बेअरिंग गेलंय ते सांगायचे. पासिंगच्या आधी त्यांनी उज्वलाची गाडी तीन दिवस ठेवून घेतली. क्लच बदलला, स्टिअरिंगमधला ढिलेपणा काढला, इंजिनाचा आवाज शिवणयंत्रासारखा करून दिला. "जावा बिनधास्त, सिस्टर," ते म्हणाले. "नव्या गाडीवानी झालीय."

नांदेडला आरटीओच्या मैदानावर नंबर लागला तेव्हा दुपार झाली होती. तपासणारे साहेब तरुण होते, कमी बोलणारे. त्यांनी गाडी चालवून पाहिली, ब्रेक दाबून पाहिले, मग टॉर्च घेऊन खाली वाकले आणि बराच वेळ तिथेच राहिले. शेवटी त्यांनी कागद तिच्या हातात दिला. गाडी नापास झाली होती. इंजिन आणि स्टिअरिंग उत्तम आहे, असं त्यांनी तोंडी आवर्जून सांगितलं. पण पुढच्या उजव्या चाकाच्या ब्रेकची रबरी नळी तडकलेली आहे, ती आधी बदला आणि तोवर गाडी हळू चालवा, हेही सांगितलं.

उज्वला वारंगा फाट्यावर चहाला थांबली आणि तिथे तिने कागद नीट वाचला. पाच दोष लिहिले होते. ब्रेकच्या नळीला भेगा. मागच्या शॉक ॲब्सॉर्बरवर तेलाचा ओलावा. हेडलाइटची काच पिवळी पडून उजेड अंधुक. मागचा डावा ब्रेक लाइट लागत नाही. ड्रायव्हरच्या पायाखालच्या पत्र्याला गंज.

आधी तिला चाचांचा राग आला. मग दुसऱ्यांदा वाचताना ती थबकली. गाडीत ऐकू येण्यासारखं जे जे बिघडलं होतं, हाताला लागण्यासारखं जे जे होतं, ते सगळं चाचांनी दुरुस्त केलं होतं. राहिले ते पाचही दोष नुसते दिसणारे होते. वीस वर्षं ती गावोगाव म्हाताऱ्या माणसांना डोळे तपासायला पाठवत आली होती. चाचा हल्ली मोबाइलवरचा नंबर तिला वाचायला सांगत. परवा त्यांनी चहाचा कप टेबलावर ठेवताना आधी बोटांनी कड चाचपली होती. तेव्हा तिने ते मनावर घेतलं नव्हतं.

घरी न जाता ती सरळ गॅरेजला गेली. चांदपाशांनी सगळं ऐकून घेतलं आणि साहेबांना नावं ठेवली. कागदावर लिहायला काय लागतं, असं म्हणत ते गाडी खालून पाहायच्या खड्ड्यावर घेऊन स्वतः खाली उतरले. नळीवरून दोनदा बोटं फिरवून त्यांनी सांगितलं की नळी चांगली मऊ आहे, काही झालेलं नाही.

उज्वलाही खड्ड्यात उतरली. तिने टॉर्च धरून नळी जराशी वाकवली. वाकलेल्या जागी केसाएवढ्या बारीक भेगा उघडल्या आणि रबराच्या आतला दोऱ्याचा थर दिसला. तिने ते लगेच सांगितलं नाही.

"चाचा, नळीवर पांढरी अक्षरं आहेत. काय लिहिलंय?"

चांदपाशा नळीजवळ तोंड नेऊन पाहत राहिले. टॉर्चचा उजेड नळीवर स्थिर होता. त्यांनी अक्षरांवरून अंगठा फिरवला, मग हात खाली घेतला.

"दीड साल झालं," ते शेवटी म्हणाले. "समदं धुरावानी दिसतंय. हातानं भागवून राहिलो."

त्यांनी पुढचं सगळं तिथेच, खड्ड्यात उभ्याउभ्या सांगितलं. बायकोला, रजियाला, यातलं काही माहीत नव्हतं. डोळ्याचं ऑपरेशन बिघडून आहे तेवढंही गेलं तर काय, ही भीती होती. त्याहून मोठी भीती अशी की मिस्त्रीला दिसत नाही हे गावात कळलं तर कुणी गाडी हातात देणार नाही. बोटांना सगळं कळतं, असं त्यांनी स्वतःला समजावलं होतं आणि बरंचसं कळतही होतं.

हे बहुतेक मोतीबिंदू असावेत, ऑपरेशन मोठं नाही, नांदेडला मी घेऊन जाईन, असं उज्वलाने सांगितलं. पण चांदपाशांचं लक्ष तिच्या बोलण्याकडे नव्हतं. ते बोटांवर काहीतरी मोजत होते.

"सिस्टर, दीड सालात ब्रेकची कामं लई केली," ते म्हणाले. "त्या गाड्या रस्त्यावर हायेत."

त्यांच्याकडे वही नव्हती. प्रत्येक गाडी तिच्या आवाजासकट त्यांच्या लक्षात होती. ते सांगत गेले आणि उज्वला औषधाच्या पाकिटामागे लिहीत गेली. चौदा गाड्या झाल्या. डॉक्टरांकडे जायचं ते या गाड्या पाहून झाल्यावरच, असं त्यांनी सांगितलं आणि त्यावर वाद घालू दिला नाही.

आता त्या तपासायच्या कुणी, हा प्रश्न होता. रस्त्याच्या पलीकडे शिवशंकरचं गॅरेज होतं. तो एके काळी चांदपाशांकडेच काम शिकला आणि सात वर्षांपूर्वी त्याने समोरच दुकान थाटलं, तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद होतं. चांदपाशा रुमालाने हात पुसत बाहेर आले आणि रस्ता ओलांडून त्याच्याकडे गेले. उज्वला फाटकाशी थांबली. पलीकडे काय बोलणं झालं ते तिला ऐकू आलं नाही. शिवशंकर खुर्चीवरून उठलेला आणि चांदपाशांना त्याच खुर्चीवर बसवत असलेला तेवढा तिला दिसला. थोड्या वेळाने तो टॉर्च घेऊन इकडे आला, तिच्या गाडीखाली वाकला आणि म्हणाला की नळी आजच बदलतो, या नळीवर तुम्ही घरीसुद्धा जाऊ नका.

गाडीमालकांना फोन करायचं काम उज्वलाने केलं, पण प्रत्येक वेळी बोलायला फोन चांदपाशांच्या हातात दिला. गाडी पुन्हा पाहायची आहे, काही पैसे लागणार नाहीत, असं मोघम सांगून भागलं असतं. चांदपाशांनी तसं केलं नाही. मला धड दिसत नव्हतं आणि मी तुमचे ब्रेक पाहिले, असं त्यांनी प्रत्येकाला स्पष्ट सांगितलं. एकाने वाकडं बोलून फोन ठेवला, पण दुसऱ्या दिवशी गाडी घेऊन आला. अण्णाराव नावाच्या कापूस व्यापाऱ्याने सांगितलं की माझे ब्रेक उत्तम लागतात, गाडी आणत नाही. त्याच्याकडे चांदपाशा शिवशंकरच्या मोटारसायकलवर मागे बसून घरी गेले.

नऊ दिवसांत तेरा गाड्या पाहून झाल्या. बारा ठीक होत्या, एकीच्या मागच्या चाकात थोडं तेल झिरपत होतं. चौदावी जीप किनवटकडच्या जंगलातल्या एका आश्रमशाळेची होती. शाळेचा फोन लागत नव्हता. शेवटी त्या बाजूला जाणाऱ्या बसच्या कंडक्टरकडे चिठ्ठी दिली. दोन दिवसांनी जीप आली, चालवत आलेले अधीक्षक स्वतःच होते. घाटात ब्रेक जरा खोल जातो, पण जुन्या गाडीचं चालायचंच, असं ते म्हणाले.

शिवशंकरने पुढची दोन्ही चाकं काढली. डाव्या बाजूची नळी एका जागी फुगली होती. त्याने ती कापून चांदपाशांच्या तळहातावर ठेवली. त्यांनी अंगठ्याने फुगवटा दाबून पाहिला, बोट आत गेलं.

"ह्यात पोरं बसतात?" त्यांनी विचारलं.

दर शुक्रवारी दवाखान्यात नेतो, दहा-बारा असतात, अधीक्षकांनी सांगितलं. चांदपाशा पायरीवर बसले ते जीप दुरुस्त होऊन जाईपर्यंत उठले नाहीत. संध्याकाळी उज्वला आली तेव्हा त्यांनीच विचारलं की नांदेडला कधी जायचं.

पुढच्या आठवड्यात उज्वलाची गाडी पुन्हा तपासणीला गेली आणि पास झाली. पायाखालचा पत्रा नवा बसवला होता, हेडलाइट बदलले होते. त्याच दिवशी तिने चांदपाशांना आणि रजियाला बरोबर नेलं होतं. डोळ्यांच्या डॉक्टरांनी दोन्ही डोळ्यांत पिकलेले मोतीबिंदू सांगितले. उजव्या डोळ्याचं ऑपरेशन आधी झालं आणि छान झालं. डाव्याचं महिन्याभराने झालं, पण त्याचा पडदा आधीच कमजोर होता, तिथे थोडा अंधुकपणा कायम राहणार होता. रजिया दवाखान्यात नवऱ्याशी फारशी बोलली नाही. दीड वर्ष त्यांनी आपल्यापासून लपवलं, हे तिला ऑपरेशनपेक्षा जास्त लागलं होतं. पण थेंब घालायच्या वेळा तिने एकदाही चुकवल्या नाहीत.

चार गिऱ्हाइकं कायमची शिवशंकरकडे गेली. त्याला चांदपाशांची हरकत नव्हती. उरलेल्यांच्या बाबतीत दोघांनी एक ठरवून टाकलं. ब्रेकचं काम कुणीही केलं तरी गाडी बाहेर जाण्याआधी दुसऱ्याने ती पाहायची. सुरुवातीला दोघेही एकमेकांच्या कामात खोड काढून वाद घालायचे. पुढे त्यांना त्याची गोडी लागली. रस्त्यावरच्या चहावाल्याला दोन्हीकडे कप पोहोचवणं परवडेना, तेव्हा दोघं एकाच बाकावर बसू लागले.

हे सगळं नंतरचं. डोळ्यांवरचं पथ्य संपल्यावर चांदपाशा पहिल्यांदा गॅरेजात गेले, तर त्यांनी कुठल्याच गाडीला हात लावला नाही. ते भिंतीपाशी जाऊन उभे राहिले. हत्यारं टांगायच्या फळीवर काळं ग्रीस बोटभर साचलेलं होतं, कोपऱ्यात जाळी लोंबत होती. इथे इतकी घाण आहे हे त्यांना माहीतच नव्हतं. त्यांनी बादली भरली, त्यात रॉकेल आणि साबण टाकला आणि पाने, पक्कड, हातोड्या एकेक करून पुसायला घेतल्या. ते काम दोन दिवस चाललं. तिसऱ्या दिवशी त्यांनी दुकान उघडलं.