सासूबाईंना सलाईन

आमच्या मांजरीचं नाव सासूबाई. नाव मी ठेवलं आणि माझ्या खऱ्या सासूच्या तोंडावर ठेवलं. पाठीमागून नावं ठेवणाऱ्यांतली मी नाही.

पहिल्या दिवशी ती दार लोटून आत आली, ओट्यावरून एक फेरी मारली, प्रत्येक भांड्यात नाक घातलं आणि एकही पसंत केलं नाही. मग घरातल्या एकुलत्या एक धड खुर्चीवर चढून बसली आणि मी केर काढताना कुठला कोपरा राहतोय ते बघत राहिली. मी म्हटलं, "या, सासूबाई." माझी सासू, जिला मी आई म्हणते, ती इतकी हसली की तिला ठसका लागला. "बरं झालं बाई," ती म्हणाली, "आता माझ्यादेखत सासूला शिव्या घालायची तुझी सोय झाली."

तेव्हापासून घरात सगळं स्पष्ट आहे. आई म्हणजे माणूस, सासूबाई म्हणजे मांजर. आईला मी अगं-तुगं करते आणि मांजरीला अहो-जाहो. सासूबाई जेवल्या का, सासूबाई कुठं उलथल्या, असं आमचं चालतं. आमच्यात कधी कुणाचा घोटाळा झाला नाही. घोटाळा बाहेरच्यांचा होतो, आणि तो त्यांनी आमच्या घरात नाक खुपसल्यावरच होतो.

तर या सासूबाईंनी बाहेर काहीतरी खाल्लं. ओकून ओकून रिकाम्या झाल्या. खालूनही तेच. मग अन्न सोडलं आणि पाणीही सोडलं. वाडग्यासमोर जाऊन बसायच्या आणि त्यातल्या पाण्याकडे असं बघायच्या, जणू त्यात कुणीतरी त्यांचा अपमान भरून ठेवलाय. अंग चिपाड झालं. डोळे आत गेले. कपाटावर चढायला गेल्या आणि अर्ध्यावरून पाठीवर पडल्या, तेव्हा आईनं पलंगावरून हाक मारली, "अगं, ही पडली आणि रागावलीसुद्धा नाही. काहीतरी भयंकर झालंय."

आई दिवसभर घरात एकटी असते. मी कारखान्यात, नवरा गोदामात. गुडघे गेल्यापासून ती जिना उतरत नाही. तिचं बोलणं, भांडणं, वर्तमानपत्र मोठ्यानं वाचणं, सगळं सासूबाईंशी. शेजारीण म्हणाली, मांजरच ना, दुसरं आणा. असल्या लोकांच्या तोंडी मी लागत नाही, आणि लागलेच तर त्यांना तोंड राहत नाही. आई एवढंच म्हणाली, "ही गेली तर मला भिंतीशी बोलावं लागेल. आणि भिंत उलटून बोलत नाही गं."

मी सासूबाईंना पिशवीत घातलं आणि जनावरांच्या डॉक्टरकडे नेलं.

"पेशंटचं नाव?"

"सासूबाई."

डॉक्टरनं माझ्याकडे एकदा बघितलं आणि लिहून घेतलं. पोरगा बरा होता. त्यानं मानेमागची कातडी चिमटीत धरून सोडली. कातडी खाली बसली नाही, उभारलेल्या तंबूसारखी तशीच राहिली. हिरड्यांना बोट लावलं तर ते चिकटलं. "अंगातलं पाणी आटलंय," तो म्हणाला. ओकारीचं इंजेक्शन दिलं आणि कातडीखाली सलाईन सोडलं. ते रोज दोन वेळा घरी सोडायचं, कसं ते दाखवलं. पिशवी आधी कोमट करायची. अंग उबेत ठेवायचं. मधूनमधून बिनसुईच्या सिरिंजनं गालाच्या बाजूनं थोडंथोडं पाणी द्यायचं, घशात ओतायचं नाही, ठसका लागून छातीत जाईल.

"आणि लघवीवर लक्ष ठेवा. लघवी झाली की निम्मं जिंकलो."

"नाही झाली तर?"

त्यानं टेबलावरचा कापूस नीट करायला घेतला. मला उत्तर कळलं.

घरी हे सगळं करणार कोण? आईचे हात थरथरतात. नवरा एका दमात दोन पोती उचलतो, पण सुई दिसली की त्याचे डोळे पांढरे होतात. राहिले मी. मी शिवणकामाच्या कारखान्यात मशीनवर बसते. सुईला मी कशाला घाबरते?

तोच घात झाला.

डॉक्टरनं सांगितलं होतं, खांद्यांच्या मध्ये कातडी उचला, सुई आत घाला आणि थांबा. सगळी गोम त्या 'थांबा'त होती. माझ्या हाताला आयुष्यभर एकच शिकवण: सुई इकडून आत गेली की तिकडून बाहेर निघाली पाहिजे. नवऱ्यानं सासूबाईंना छातीशी धरलं, डोळे घट्ट मिटले. मी कातडी उचलली आणि सुई घातली. या बाजूनं आत, त्या बाजूनं बाहेर. असा सुबक टाका की कारखान्यात असते तर नमुना म्हणून लावला असता. मग नळीची चावी सोडली.

"काहीतरी कोमट वाहतंय," नवरा डोळे मिटूनच म्हणाला.

"वाहू दे. त्यासाठीच आहे."

"माझ्या अंगावरून वाहतंय. रक्त आहे का? माझं आहे का?"

"पाणी आहे रे!"

"मग मला का देतेयस?"

एवढं बोलून तो भिंतीला टेकून खाली घसरला, पण मांजर सोडली नाही. माणूस गुणाचा आहे. दुसऱ्यांदा मी स्वतःला शिव्या देत हात मध्येच थांबवला. सासूबाईंच्या पाठीवर हळूहळू उंटासारखा फुगा आला. आई म्हणाली, "हिच्यात उशी भरलीस की काय?"

दुसऱ्या दिवशी सकाळी कामावर फोन करायचा होता. आता आमचा कारखाना ऐका. आम्ही लहान मुलांचे झोपायचे कपडे शिवतो आणि त्या कपड्यांवर मांजरं छापलेली असतात. हसरी, गुलाबी गालांची. दिवसभर छापील मांजरांना टाके घाला, पण खऱ्या मांजरीसाठी सुट्टी मागा, वेड्यात काढतील. आजारपणाची सुट्टी फक्त घरच्या माणसासाठी. हा नियम करणाऱ्यांच्या घरची माणसं मी पाहिलीत. आमची मांजर त्यांच्यापेक्षा घरची आहे.

सुपरवायझरला आम्ही घड्याळबाई म्हणतो, कारण बायका संडासात गेल्या की ती बाहेर घड्याळ बघत उभी राहते. फोन तिनंच उचलला.

"मॅडम, सुट्टी पाहिजे. सासूबाई आजारी आहेत. सलाईन लावलंय."

ठरवून म्हटलं का? जीभ सवयीनं वळली आणि मी तिला मागे ओढलं नाही. एवढंच.

"अरे बापरे. कुठल्या दवाखान्यात?"

"घरीच. मीच लावते."

"तू लावतेस? झालं काय त्यांना?"

"बाहेर काहीतरी खाल्लं."

"या वयात त्यांना बाहेरचं कशाला देता?"

"आम्ही कुठं देतो? रात्ररात्र बाहेर असतात. उजाडल्यावर येतात."

तिकडून खाकरल्याचा आवाज आला.

"बरं... चालणं-फिरणं?"

"परवा कपाटावर चढायला गेल्या, जमलं नाही. तेव्हाच ओळखलं, दुखणं मोठं आहे."

"मी येते बघायला," घड्याळबाई म्हणाली आणि फोन ठेवला.

मला वाटलं, तोंडदेखलं म्हणाली असेल. मी कामाला लागले. सिरिंजनं गालात पाणी, अर्धं आत, अर्धं माझ्या बाहीवर. मूत नाही. सकाळ सरली, मूत नाही. आम्ही तिघं सासूबाईंच्या शी-शूच्या मातीच्या ट्रेभोवती असे बसलो होतो, जणू त्यातून सोनं निघणार आहे. नवरा म्हणाला, "आपण बघतो म्हणून लाजत असतील." म्हणून आम्ही तिघांनी पाठी फिरवल्या. तरी नाही.

दुपारी सलाईनची पुढची पाळी. आईनं सासूबाईंना पोटावर घेतलं, वरून ब्लँकेट ओढलं, तेवढीच ऊब. पिशवी शर्टाच्या हँगरला अडकवून खिडकीच्या गजाला टांगली. नळी ब्लँकेटखाली गेली. सुई मी नीट लावली, या वेळी टाका न घालता. नवऱ्याला त्या दिवशी गोदामात रात्रपाळी होती, म्हणून तो घरी होता. पिशवीला हात लावून, तोंड भिंतीकडे करून उभा.

दार वाजलं. घड्याळबाई. हातात सफरचंदांची पिशवी, मागे आमच्या लाइनवरची काजवाली. काजवाली म्हणजे काजांच्या मशीनवर बसणारी. मनानं लोणी, डोक्यानंही.

दोघी आत आल्या आणि त्यांनी पाहिलं: पलंगावर म्हातारी, वर टांगलेलं सलाईन, नळी ब्लँकेटात, मुलगा भिंतीकडे तोंड करून. मी तोंड उघडलं, खरं सांगायलाच. पण आईनं एक डोळा उघडून सफरचंदं पाहिली आणि मान टाकली.

"मावशी, कसं वाटतंय?" घड्याळबाईनं वाकून विचारलं.

"कोण आहे? दिसत नाही गं मला," आई कण्हली. समोरच्या गच्चीतल्या दोरीवरचे चिमटे मोजणारी बाई ही.

काजवालीनं डोळ्यांना रुमाल लावला. "किती सुकल्यात हो!"

"सुकले कुठं? मी आहेच अशी!" आई फणकारली आणि मग आठवून पुन्हा कण्हली.

मी दोघींना पाणी दिलं. माझं तोंड गप्प ठेवायला काहीतरी हातात हवं म्हणून. नवऱ्याला मात्र वाटलं, पाहुण्यांना धीर द्यावा.

"काळजी करू नका मॅडम. सासूबाई सकाळपासून बऱ्या आहेत. मघाशी मला चावल्या."

घड्याळबाईनं त्याच्याकडे पाहिलं. "सासूबाई? तुमच्या? या तुमच्या आई ना?"

"हो. आईच. म्हणजे ही आई. सासूबाई... त्या हिच्या."

"मग चावलं कोण?"

"मी चावले," पलंगावरून आवाज आला. "माझा मुलगा आहे. मी चावीन नाहीतर चाटीन."

घड्याळबाईनं पाण्याचा पेला स्टुलावर ठेवला. तिची नजर पिशवीवरून नळीवर आणि नळीवरून खाली सरकत गेली. आईचे दोन्ही हात ब्लँकेटच्या बाहेर होते आणि नळी त्यातल्या एकालाही जात नव्हती.

"सुई लावलीय तरी कुठं?" असं म्हणून तिनं ब्लँकेटची कड धरली.

आणि आईचा चेहरा बदलला. आधी दचकली. मग पोटाकडे बघितलं. मग कोपरांवर उठून अशी ओरडली की काजवालीच्या हातातलं पाणी हिंदकळलं.

"झाली! अगं, झाली!"

माझ्या डोक्यातून नोकरी, कारखाना, घड्याळबाई, सगळं उडालं. "नक्की?"

"नक्की काय विचारतेस? दोन्ही कुशींनी वाहतेय!"

"भरपूर?"

"पूर आहे पूर! गादीत पोचली!"

नवऱ्यानं पिशवी सोडली, मला मिठी मारली आणि रडक्या आवाजात सगळ्या जिन्याला ऐकू जाईल असं ओरडला, "सासूबाई मुतल्या!"

काजवालीनं पेला खाली ठेवून कानांवर हात ठेवले. घड्याळबाई लाल झाली, आणि लाल झाली ती आमच्यावर. "लाज वाटते का तुम्हाला? आजारी बाईचं अंथरूण ओलं झालं आणि तुम्ही नाचताय? मावशी, तुम्ही मनाला लावून घेऊ नका. वयात होतं असं. बदल गं त्यांचे कपडे, बघतेस काय!" आणि तिनं स्वतःच ब्लँकेट बाजूला केलं.

आईच्या पोटावर सासूबाई बसल्या होत्या. ओल्या, विस्कटलेल्या, पाठीवर फुगा, मानेमागून नळी. त्यांनी घड्याळबाईकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. पसंत पडली नाही.

"या सासूबाई," मी म्हटलं आणि नळी काढायला घेतली.

काजवालीनं कानांवरचे हात काढले आणि नाकाला रुमाल लावला.

"तू मला फसवलंस," घड्याळबाई म्हणाली.

"मी सांगितलेला एक शब्द खोटा काढून दाखवा, मॅडम."

तिनं तो सबंध फोन मनात पुन्हा ऐकला. चेहऱ्यावरून कळत होतं. बाहेरचं खाणं. रात्ररात्र बाहेर. कपाट. कपाटाशी आल्यावर तिच्या ओठाचा कोपरा हलला, तो तिनं दाबला.

"सुट्टी माणसासाठी असते."

"मग माणसासाठीच घेतलीय. ती बघा, भिजून पडलीय आणि हसतेय. ही मांजर मेली असती तर आईला कुठलं सलाईन लावणार होतात? माझी सुट्टी कापायची तर कापा. पण मला खोटारडी म्हणायचं नाही."

घड्याळबाईनं उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि तसंच ठेवलं. कारण सासूबाई उतरल्या होत्या. लटपटत पलंगाच्या कडेनं आल्या, पुढचे दोन पाय स्टुलावर टेकले, घड्याळबाईच्या पेल्यात तोंड घातलं आणि वास घेतला.

मग जीभ वाजली. लप. थांबल्या. लप, लप.

"अय्या, मॅडम, तुमचं पाणी!" काजवाली पेला उचलायला धावली.

घड्याळबाईनं तिच्या हातावर सटकन चापट मारली. "हात नको लावू," ती दबक्या आवाजात म्हणाली. "पितायत त्या."

आम्ही पाचजण त्या खोलीत पुतळ्यासारखे उभे. म्हणजे चार जण उभे. पेल्यातलं पाणी बोटभर खाली गेलं तरी कुणी हललं नाही. शेवटी घड्याळबाई माझ्याकडे न बघता म्हणाली, "सुट्टी बिनपगारी लागेल. परवा वेळेवर यायचं." मी म्हटलं, "येईन." भांडायला कारण उरलं नव्हतं, याचं जरा वाईटच वाटलं.

"तुमचं सगळ्यांचं झालं असेल," आई पलंगावरून म्हणाली, "तर मला कुणी उठवेल का? आता गार लागायला लागलंय. आणि ती सफरचंदं माझी आहेत, परत न्यायची नाहीत."