शार्दूलचा उजवा हात

असत्य काशीच्या वेशीवरच गळून पडतं; गंगेच्या या तीरावर कुणाचीही लबाडी सूर्यास्तापलीकडे टिकलेली नाही, टिकणारही नाही. हे वाक्य मी भारदस्त आवाजात उच्चारलं, आणि ते पुरतं संपायच्या आत निनादनं माझी शेवटची कवडी ओढून घेतली. त्याच्या आधीच्याच डावात माझ्या हातात दोन एक्के आले होते. ते मी घाबरून टाकून दिले होते.

"वेणीमाधवराव, उठा आता," कालिंदीबाई म्हणाल्या. "राहिलेलं तत्त्वज्ञान मागे बसून सांगा."

मी त्यांच्या पाठीशी भिंतीला टेकून बसलो. तिथून त्यांचे पत्ते दिसत होते आणि तोंड उघडायची मला बंदी होती.

रामघाटावर गोपीनाथगुरुजींचं घर आहे आणि आम्ही चौघे त्यांचे भाडेकरू. घराला नदीवर निघालेला एक दगडी सज्जा आहे. गल्लीच्या बाजूनं आत आलात तर तिथवर एकही पायरी नाही, आणि नदीच्या बाजूनं बघाल तर तो गरुडाच्या घरट्याइतका उंच. त्यात दोनच माणसं मावतात. कार्तिकी पौर्णिमेला, काशीच्या देवदीपावलीला, सगळ्या घाटांवर पायरीपायरीनं दिवे लागतात, तेव्हा त्या सज्ज्यातून जे दिसतं ते पाहिलेला माणूस वर्षभर कमी बोलतो. गुरुजी स्वतः दिवे पाण्याजवळ बसून बघतात. म्हणून सज्जा कुणाचा, हे आम्ही आदल्या दिवशी पत्त्यांवर ठरवतो. ज्याच्याकडे सगळ्या कवड्या जमतील त्याचा सज्जा.

यंदा तो कालिंदीबाईंना हवा होता. विद्यापीठात शिकवून निवृत्त झालेल्या या बाईंची धाकटी बहीण शरदिनी उद्या नागपूरहून येणार होती. बहिणीचं बालपण याच घाटावर गेलेलं. लग्नानंतर तिनं इथले दिवे पाहिले नव्हते आणि आता ती चाकांच्या खुर्चीत होती. घाट उतरणं नाही, नाव नाही. सज्जा एके सज्जा. बाईंनी तिला तो कबूलही करून टाकला होता.

"मग सरळ मागा की," मी सकाळी म्हटलं होतं.

"गेल्या वर्षी तुम्ही मागितलात तेव्हा मी काय म्हणाले होते?"

"'भीक कसली मागता, खेळून घ्या.'"

"झालं तर."

पूर्वी आम्ही रमी खेळायचो. बँकेत बदली होऊन नागपूरहून आलेल्या निनादनं पोकर आणलं. प्रत्येकाला दोन पत्ते झाकून, मधे सगळ्यांचे मिळून पाच उघडे. दम असेल तर कवड्या वाढवा, नसेल तर पॅक म्हणून पत्ते टाका. चौथा खेळाडू शार्दूल, गुरुजींचा जुना विद्यार्थी. मुंज झाल्यापासून मिसरूड फुटेपर्यंत तो त्यांच्याकडे यजुर्वेद शिकला. मग एक दिवस शेंडी उतरवून यात्रेकरूंना काशी दाखवायच्या धंद्यात पडला. धंदा बरा चालतो. देवापेक्षा पार्किंग कुठे आहे हे सांगणाऱ्याला लोक जास्त दुवा देतात.

लबाडीविरुद्ध बाईंनी बंदोबस्त चोख केला होता. सगळे फोन तांब्याच्या घंगाळात. भिंतीवरच्या आरशावर लुगडं. पत्ते एकानं पिसायचे, दुसऱ्यानं कापायचे, तिसऱ्यानं वाटायचे. निनादला तर त्यांनी चष्मासुद्धा बदलायला लावला, कारण जुन्याच्या काचेत पत्ते दिसतात अशी त्यांना शंका होती.

"बाई, हे काय सेंट्रल जेल आहे का?" निनाद म्हणाला.

"तिथे इतकी ढिलाई नसते."

तरीही काहीतरी होत होतं. बाईंनी चांगल्या पत्त्यांवर कवड्या लावल्या की निनाद वाढवायचा, त्यावर शार्दूल वाढवायचा, पुन्हा निनाद. मधला माणूस जात्यात सापडल्यासारखा. दोघांनी इतकी चढाओढ लावली म्हणजे एकाकडे तरी घबाड असणार, असं वाटून तो पत्ते टाकायचा. माझे एक्के असेच गेले. आणि मधला उठला रे उठला की त्या दोघांतला एकजण लगेच पॅक व्हायचा. पत्ते दाखवायची वेळच यायची नाही.

"ए निनाद, तुमचं दोघांचं काही ठरलंय का बे?" बाईंनी शेवटी विचारलं.

"सिद्ध करा," निनाद म्हणाला. शार्दूलनं खांदा खाजवला.

सिद्ध काय करणार? पत्त्यांवर पहारा होता, माणसांवर नव्हता.

गोपीनाथगुरुजी दुपारपासून कोपऱ्यात बसून होते. हाडाचे वैदिक; पत्त्यांकडे ते माशीकडे बघावं तसं बघतात. मधेच उठले, बाईंजवळ येऊन खाकरले. "बाई, जरा..."

"गुरुजी, हातात पत्ते आहेत!"

खेळ संपेपर्यंत बैठक सोडायची नाही, बैठक सोडली की नशीब सोडतं, असा बाईंचा नियम आहे. गुरुजी परत जाऊन बसले. थोड्या वेळानं पुन्हा आले, पुन्हा गेले. मला वाटलं, त्यांना काहीतरी दिसलंय.

ऊन नदीपलीकडे रामनगरच्या बाजूला पार निघून गेलं आणि बाईंपुढे कवड्यांची एवढीशी ढिगोळी उरली. पत्ते वाटले. बाईंच्या हातात दोन राण्या. मधले उघडे पत्ते अगदीच किरकोळ. बाईंची मान ताठ झाली, पण कानाची पाळी लाल झाली. पुन्हा जातं फिरणार आणि राण्या भरडल्या जाणार, हे त्यांनाही कळत होतं.

आणि कोपऱ्यात गुरुजींनी पाठ सुरू केला.

आवाज मोठा नव्हता. पण त्या आवाजाला वय नाही. खोलीतल्या वस्तू जागच्या जागी असूनही सावरून बसल्यासारख्या वाटल्या. गुरुजींच्या यजुर्वेदी शाखेचे वैदिक स्वर नुसते म्हणत नाहीत, हातानं दाखवतात. उदात्ताला हात वर, अनुदात्ताला खाली, स्वरिताला आडवा. शब्द मकारावर संपला की मूठ. पाठशाळेची मुलं सकाळी ओळीनं बसून म्हणतात तेव्हा वाऱ्यानं शेत हलावं तसे ते हात हलतात.

मी गुरुजींच्या हाताकडे बघत होतो. मग सहज समोर नजर गेली.

शार्दूलचा हात हलत होता.

गुरुजींचा वर गेला की त्याचा वर. खाली, तर खाली. मधे अख्खी खोली, त्याची गुरुजींकडे पाठ, पण एका तसूचा फरक नाही. शार्दूलच्या तोंडचं पाणी पळालेलं. त्यानं तो हात डाव्या हातानं धरला, तर दोन्ही हात हलायला लागले. मांडीखाली दाबला, तर मांडी हलायला लागली. शेंडी गेली, संथा गेली, पहाटेची आंघोळ गेली. हात मात्र पाठशाळा सोडून कधी निघालाच नव्हता. कुणी पाहत नसताना, धनी लबाडीत गुंतलेला असताना, तो आपला शिकवलेलं काम करत होता. मी जन्मभर माणसांची थट्टा लिहून पोट भरलं. त्या हाताची थट्टा करायला मला एक शब्द सुचला नाही.

निनादची अवस्था मात्र पाहण्यासारखी होती. तो त्या हाताकडे डोळे फाडून बघत होता. वर, खाली, आडवा, पुन्हा वर. एवढ्यात गुरुजींचा शब्द मकारावर संपला.

शार्दूलची मूठ मिटली.

"सगळं!" असं म्हणून निनादनं आपला अख्खा ढीग मधे लोटला.

आता शार्दूलची पाळी. त्यानं निनादकडे पाहिलं, आपल्या मुठीकडे पाहिलं आणि उंदराच्या आवाजात म्हणाला, "पॅक."

जात्याची एक तळी निखळली. कालिंदीबाईंनी शांतपणे आपली ढिगोळी पुढे सरकवली. "दाखव."

निनादकडे सत्ती आणि दुर्री होती. उरलेले उघडे पत्तेही त्यांच्या मदतीला आले नाहीत; आमच्या नियमानं त्याचा अख्खा ढीग बाईंच्या राण्यांकडे गेला.

"अबे, मूठ मिटलीस ना तू!" तो शार्दूलवर ओरडला आणि ओरडल्यावर त्याला कळलं की आपण काय ओरडलो.

"मी नाही मिटली," शार्दूल म्हणाला. "मिटली गेली."

मग त्यानंच सगळं सांगितलं. खांदा खाजवला की पत्ते जोरदार, गुडघा चोळला की रद्दी, मूठ मिटली की तू सगळं लाव, मी वर लावतो, बाई पळतील. नव्या खुणा पाठ करायचा कंटाळा, म्हणून लहानपणी पाठ झालेल्याच घेतल्या. सज्जा दोघांनी पुण्याच्या पाहुण्यांना देऊन टाकला होता. एवढं सांगून त्यानं आपल्या उरलेल्या कवड्या बाईंच्या ढिगात ओतल्या.

"माझंही पॅक, मावशी. गलती हो गई. शरदिनीमावशींची खुर्ची उद्या मी आणतो स्टेशनवरून."

 बाईंनी एक कवडी उचलली आणि पदरानं उगाचच पुसत राहिल्या.

शार्दूल उठला आणि त्यानं गुरुजींसमोर साष्टांग घातला. "गुरुजी, तुम्हाला सगळं दिसत होतं."

गुरुजींनी पाठ संपवला. खाली घाटावर कुठेतरी घंटा वाजली. आम्ही सगळे त्यांच्या तोंडाकडे बघत होतो. निनादनं तर हात जोडले होते.

"मकाराला मूठ सैल आहे," गुरुजी शार्दूलला म्हणाले. "उद्या पहाटे ये."

मग ते आमच्याकडे वळले.

"कालिंदीबाई, खेळ झाला असेल तर जरा उठता का? दुपारपासून माझं उपरणं तुमच्याखाली आहे. संध्येला घाटावर जायचं होतं, म्हणून दोनदा आलो होतो. शेवटी म्हटलं, इथेच उरकावी."