एका फांदीवरचा गलका

सासऱ्यांनी हात वर केला तशी सून पायवाटेवर जागच्या जागी थांबली.

“शिक्रा,” ते कुजबुजले. “डावीकडे. आणि त्याला भ्यालेले सातभाई. लिहिलंस?”

तिने लिहिलं. जंगलातले पक्षी मोजण्यात त्यांची हयात गेली होती. नजर अधू झाल्यापासून ते नुसत्या आवाजावर मोजत. यंदा त्यांना मोजणीवर ठेवायचं की नाही, हे वनखात्याच्या कार्यालयाने सुनेवर सोपवलं होतं. तीही तिथेच नोकरीला, त्यांच्याच हाताखाली तयार झालेली. म्हातारबुवांना सगळं ठाऊक होतं. म्हणून आज दाढी गुळगुळीत होती आणि बोलणं जेवढ्यास तेवढं.

“तांबट. आणि हा हळद्या. आज नुसती चंगळ आहे.”

सुनेने दुर्बीण डोळ्यांना लावली. ना शिक्रा, ना सातभाई. डावीकडच्या झाडाच्या शेंड्याला वाळक्या फांदीवर शेपटीच्या दोन लांब तारा खाली सोडून एकटा काळाभोर भृंगराज बसला होता आणि एकामागून एक सगळ्यांचे आवाज काढत होता. काय गळा होता लेकाचा! तिला त्याचं कौतुकही वाटलं आणि रडूही आलं. आता बाबांना सांगायचं कसं? पेन हातात तसंच राहिलं.

तेवढ्यात वरून मांजर म्यावलं.

सासरे दचकले. मग खांदे गदगदा हलवत हसायला लागले.

“थेट शेंड्यावर मांजर? अगं, हा तर भृंगराज. मघापासून मला खेळवतोय. खोडून टाक ते सगळं.” हसू ओसरलं. “तुला दिसत होता ना?”

“हो, बाबा.”

“मग गप्प का बसलीस? माझी कीव करायला आलीस का?”

तिने आधीच्या नोंदींवर रेघ मारली. खालच्या दरीतून पुन्हा तांबटाची टुकटुक ऐकू आली.

“तोच असेल,” ती म्हणाली.

“नाही. हा खरा.”

तिने पुन्हा दुर्बीण लावली. भृंगराजाची चोच मिटलेली होती. मान एका बाजूला कलती करून तो दरीकडे कान देऊन बसला होता, अगदी तिच्या शेजारी उभ्या म्हाताऱ्यासारखा.

“काय करतोय गं?”

“ऐकतोय.”

“शिकू दे त्याला. तू लिही, तांबट एक.”

तिने लिहिलं. पेन खिशाला लावता लावता म्हणाली, “उद्या मोजणीला जरा लवकर निघू या, बाबा.”