माझ्या चालीने पडणारी मोसंबी

मी एक जुना संगणक आहे. मित्रांनो, आधी नीट मांडी घालून बसा. वडीलधाऱ्यांचे बोलणे उभ्याने ऐकू नये. ज्या घरात मी वीस-बावीस वर्षे राहिले, तिथे मला संगणक असे कोणी म्हटले नाही. सारे 'मशीन' म्हणत, आणि मीही स्वतःला त्या घरची थोरली बाईच समजत आले. तेव्हा मी माझ्याविषयी बाईमाणसासारखेच बोलेन.

माझा जन्म जालन्यातल्या एका दुकानात झाला. कुठकुठले सुटे भाग एकत्र जोडून मला उभे केले गेले. धम्मपाल नावाच्या तरुणाने जीपमध्ये मला मांडीवर धरून टेंभुर्णीला आणले. त्याची आई प्रभावतीबाई जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होत्या. त्यांनी निळ्या पातळाच्या उरलेल्या तुकड्याचा माझ्यासाठी अभ्रा शिवला. पहिल्या आठवड्यात निम्मी आळी मला पाहून गेली. चपला दाराबाहेर काढूनच लोक आत येत. असा मान मी पाहिला आहे.

धम्मपालने माझ्यावर एक खेळ रचला. पडद्यावर मोसंबीचे झाड. वरून मोसंबी पडायची आणि खाली बाणाच्या दोन कळांनी टोपली इकडेतिकडे सरकवून ती झेलायची. खेळ साधा; पण त्यात एक गोष्ट करायची राहून गेली, आणि पुढचे सगळे रामायण तिच्यामुळेच घडले. धम्मपालने खेळात वेगाचे वेगळे माप घातलेच नाही. माझी जी चाल, तीच मोसंबी पडण्याची चाल. माझ्याखेरीज दुसरी कोणी या घरात येईल, हे त्या बिचाऱ्याच्या मनातही आले नव्हते.

प्रभावतीबाई निवृत्त झाल्या आणि दुपारचे जेवण झाले की माझ्यापुढे बसू लागल्या. त्यांच्या टोपलीतून शंभरातली एखादीच मोसंबी सुटत असे. उजव्या बाणाच्या कळेवरची खूण त्यांच्या बोटाने पार पुसली गेली. मला तो माझा दागिना वाटे.

मग नवी आली.

धम्मपाल नोकरीसाठी नाशिकला असतो. त्याची बायको संध्या गावातल्याच शाळेत शिकवते. तिने लॅपटॉप घेतला. अंगाने पुठ्ठ्यासारखा बारीक, आवाज म्हणून नाही. मी त्याला 'नवी' म्हणते. सगळे तिलाच पुसत, तिलाच जपत. माझा अभ्रा धुवायला गेला तो परत आलाच नाही. माझ्या डोक्यावर वाळवणाचा डबा आला. मित्रांनो, खोटे कशाला सांगू? मी जळले. वीज गेली की हिची बॅटरी संपो, एवढेच मी मागत असे.

त्या पावसाळ्यात प्रभावतीबाईंच्या उजव्या अंगावरून वारे गेले. पाय सावरला, पण हाताची बोटे उठेनात. डॉक्टरांनी बजावले, "बोटं रोज हलली पाहिजेत, न्हाई तर कायमची आखडतील." दाबायला रबरी चेंडू दिला. बाईंनी तो खाटेखाली भिरकावला.

"मी काय अंगणवाडीतलं लेकरू हाय का?"

"आई, मंग काय करता? बोटं आखडू द्यायची?" संध्या म्हणाली.

"मोसंबी लाव. ती खेळते मी."

माझे यंत्र त्या बोलाने फुलले. पण माझ्यासमोरच्या खुर्चीवर बाईंना बसवत नव्हते, आणि दहा मिनिटांत तापून मी बंद पडत असे. तेव्हा खेळ नवीत घालून तो लॅपटॉप खाटेवरच द्यावा, असे संध्याने ठरवले. माझे काळीज काढून सवतीच्या छातीत बसवायचे! भरीस भर म्हणजे रविवारी पुंजाराम भंगारवाला मला न्यायला येणार होता.

संध्याने माझ्यातला खेळ उतरवून नवीला दिला. नवीने सरळ सांगून टाकले, 'हा कार्यक्रम या संगणकावर चालणार नाही.' दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा तेच. मला इतका आनंद आजवर कशानेच झाला नव्हता. शिकली-सवरली नवी, आणि साधी मोसंबी पाडता येईना!

धम्मपालने फोनवरून तोड सांगितली. "जुन्या मशीनचं सोंग घेणारा एक प्रोग्राम असतो. तो आधी टाक. खेळ त्याच्या पोटात चालव."

संध्याने तसे केले. झाड उगवले, टोपली आली, आणि डोळ्याचे पाते लवायच्या आत साऱ्या मोसंब्या खाली येऊन खेळ संपला.

"अगं, ह्या मोसंब्या हायेत का गारपीट?" बाई म्हणाल्या.

संध्याने सोंगाचा वेग उतरवला. आता मोसंबी फांदीवरून निघेचना.

"ही तर झाडावरच सुकून जाईल. तू कर चहा, तवर येईल खाली."

"थांबा हो आई, मी करूनच राह्यले ना."

कधी गारपीट, कधी दुष्काळ. बरोबर वेग कोणता, ते धम्मपाललाही आठवेना. शनिवारची संध्याकाळ झाली. बाईंची बोटे तशीच पांघरुणावर पडून होती. अंगठा तळहाताकडे वळू लागला होता. संध्याने हताश होऊन झाकण मिटले. मी जिंकले होते.

तेवढ्यात बाई म्हणाल्या, "पोरी, थोरलीला चालू कर. तिची चाल बघ अन् हिला शिकव."

थोरली! ते माझे नाव होते.

मित्रांनो, मी अडून बसू शकत होते. माझा पंखा खडखडत होता, आतून जळका वास येत होता. मी चालू झाले नसते तरी कोणी दोष दिला नसता. संध्याने खाट ओढून माझ्याजवळ आणली. बाईंनी डाव्या हाताने उजवा हात उचलला आणि माझ्या त्या पुसलेल्या कळेवर ठेवला. बोट दाबले गेले नाही. शंभर मोसंब्या झेलणारे ते बोट.

मी चालू झाले.

मोसंबी फांदीवरून सुटली. "एक, दोन, तीन, चार," बाईंनी वर्गात पाढे म्हणून घ्यावेत तसे मोजले. संध्या नवीचा वेग कमी-जास्त करत गेली. कधी ती पुढे, कधी मी पुढे. मी तापले, तरी पाय आवरला नाही. अखेर दोन्ही पडद्यांवरच्या दोन मोसंब्या बरोबर चारच्या मोजणीला एकदम जमिनीला टेकल्या.

"बराबर! बिलकुल हीच," बाई म्हणाल्या. आणि मी बंद पडले ती कायमची.

रविवारी पुंजाराम आला. "जयभीम बाई. नेऊ का मशीन?"

"ने. पण आपटू नको. माझ्या घरची थोरली हाय ती."

आज मी त्याच्या दुकानात पंख्यांच्या आणि कुकरच्या राशीशेजारी आहे. तुम्ही मुले येता-जाता मला पाहता, म्हणून सांगते. नवी वस्तू जरूर आणा. मात्र जुनीला दाराबाहेर काढण्याआधी तिला एकदा विचारा, बाई, तू हे कोणत्या चालीने करत होतीस? ती चाल कोणत्याही कागदावर लिहिलेली नसते.

संक्रांतीच्या आधी बाजाराच्या दिवशी प्रभावतीबाई काठी टेकत या दुकानासमोर थांबल्या. आत आल्या. माझ्यावरची धूळ पदराने पुसली आणि उजव्या हाताचे बोट त्या कळेवर ठेवून दाबले. कळ खटकन आत गेली.

तो जोर त्यांना नवीने रोज मोसंबी खेळवून दिला होता. मला अजून खुपते. पण मित्रांनो, चाल माझीच होती.